हो पप्पा, तुमचं बरोबर आहे

५ जून

बेबीवन्सं,

तुम्हाला आणि भावोजींना सलाम. पाकीट काल मिळालं. गेल्या पत्रात मी तुमच्या वडिलांवरून एवढं रडगाणं गायले, तेव्हा वाटलं होतं तुम्ही लिहाल, "वहिनी, पप्पांना थोडे दिवस माझ्याकडे पाठवा." तर पाकिटातून निघाल्या चिठ्ठ्या! प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता... बायबलातलं आत्म्याचं अख्खं फळ तुमच्या वळणदार अक्षरात, आणि दर आठवड्याला एक गुण अंगी बाणवायचा अशी सूचना. तुम्ही मुख्याध्यापिका आहात हे ठाऊक होतं, पण पन्नाशी ओलांडल्यावर मला गृहपाठ मिळेल असं वाटलं नव्हतं. बरं, फोन करायचा नाही, पत्रच लिहायचं, हाही तुमचाच नियम. मी फोनवर दुसऱ्याला बोलू देत नाही म्हणे.

मग आता ऐकाच. परवा चर्चचे पाळकसाहेब दुकानात कोटाच्या ट्रायलला आले होते. ते आरशासमोर उभे, मी बाहीला टाचण्या लावतेय, आणि पप्पा दाराजवळच्या स्टुलावर. दुकान माझ्या हाती देऊन ते कधीच निवृत्त झालेत, पण त्या स्टुलाला कुणी कळवलेलं नाही. तिथून आवाज आला, "उसव."

मी म्हटलं, "पप्पा, अजून शिवलंच नाहीये. नुसत्या टाचण्या आहेत."

"मग टाचण्या काढ. बाही मागे पळतेय."

पाळकसाहेबांना हसू आलं आणि टाचणी त्यांच्या दंडात गेली. मी काही ऐकून घेणाऱ्यातली नाही हे तुम्ही जाणताच. मी म्हटलं, बाही नाही, गिऱ्हाईक पळेल. ते म्हणाले, माझ्या काळात गिऱ्हाईक रांगेत उभं असायचं. झालं, जुंपली आमची. तुमचे दादा नेहमीसारखे "बटणं आणतो" म्हणून सटकले. आमचं वाजलं की हे बटणं आणायला जातात. घरात आता सगळ्या गावाच्या अंगाला पुरतील एवढी बटणं झालीत.

तर तुमच्या चिठ्ठ्यांत हात घातला. सहनशीलता निघाली. वरच्यालाही गंमत करायला मीच सापडते.

तुमची,
वहिनी

१२ जून

प्रिय वहिनी,

सप्रेम सलाम. तुमचं पत्र वाचून हे इतके हसले की चहा सांडला. मला मात्र पाळकसाहेबांच्या दंडाचं वाईट वाटलं.

वहिनी, सद्गुण म्हणजे काही चर्चला जाताना घालायचा आणि घरी आल्यावर खुंटीला टांगायचा पोशाख नाही. तो इस्त्रीच्या टेबलापाशी, स्वयंपाकघरात, आणि पप्पांच्या स्टुलाशेजारीच अंगी यायला हवा. आमच्या महिलामंडळात आम्ही याचा एक सोपा मार्ग काढलाय. समोरच्याने काहीही म्हटलं तरी एकच वाक्य बोलायचं, सौम्य आवाजात: "हो, तुमचं बरोबर आहे." त्यापुढे एक अक्षर नाही. भांडणाला दुसरी बाजूच मिळाली नाही की ते आपोआप विझतं. आमच्या खजिनदारबाईंच्या घरात याने क्रांती झाली.

पप्पांना मी आनंदाने बोलावलं असतं, पण शाळेचे प्रवेश चालू आहेत आणि मी हॉलचे पडदे स्वतः शिवायला घेतलेत. घर नुसतं विस्कटलंय. तुम्ही महिनाभर नेमाने करून बघा. दादालाही सामील करून घ्या, त्याची बटणं बंद करा.

प्रार्थनेत तुमची आठवण ठेवणारी,
बेबी

१० जुलै

बेबीवन्सं,

तुमचा उपाय लागू पडला. इतका, की मीच हबकलेय.

पहिल्याच दिवशी पप्पांनी पाळकसाहेबांची कॉलर उलटीपालटी केली आणि विचारलं, "ही कॉलर आहे की बैलाचं जू?" उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "हो पप्पा, तुमचं बरोबर आहे."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काय म्हणालीस?"

मी पुन्हा तेच म्हटलं, आणखी मऊ आवाजात. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग कॉलर टेबलावर ठेवली आणि स्टुलावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खडे टाकून बघितले. शटर चुकीचं उघडतेस. हो पप्पा. दोरा महागाचा आणतेस. हो पप्पा. चहा अगोड आहे. आता साखर डॉक्टरांनीच बंद केलीय, पण सहनशीलतेच्या भरात मी चमचाभर घातली. त्यांनी तो चहा किती हळू प्यायला म्हणून सांगू! तुमचे दादाही बटणं सोडून त्यांच्याजवळ बसायला लागले. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून नुसता त्यांचा हात धरून बसायचे.

मध्ये डॉक्टरसाहेब रक्तदाब बघायला आले. सगळं ठणठणीत. निघताना मात्र त्यांनी मला दाराबाहेर घेतलं आणि इकडेतिकडे बघत पुटपुटले की नवी पँट कमरेत आवळतेय, थोडी सोडता येईल का? बिचारे लाजेने चूर झाले होते. आत कापडच शिल्लक नव्हतं, मी तरी काय करणार? मान हलवली. त्यांनी सुस्कारा सोडला. पप्पा स्टुलावरून बघत होते, पण मी त्यांना काही सांगितलं नाही. गिऱ्हाइकाच्या कमरेची गोष्ट तिसऱ्याच्या कानावर घालायची नाही, हे त्यांनीच मला शिकवलंय. तुम्हाला लिहिलीय ती तुमच्यापाशीच ठेवा.

त्यानंतर चमत्कारच झाला. पप्पांनी "उसव" म्हणणंच सोडलं. आणि काल म्हणाले, "मला बेबीकडे पोचव." मी मागितलं नव्हतं, तुम्ही बोलावलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच ठरवलं. उद्या सकाळच्या गाडीने हे त्यांना घेऊन येतायत, पत्रही त्यांच्याबरोबरच देतेय.

आज दुपारी त्यांनी आपली मोठी कात्री माझ्या हातात ठेवली. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या कात्रीला नुसता हात लावला तरी घर डोक्यावर घ्यायचे, तीच कात्री. वर म्हणाले, "तुझा हात चांगला आहे." हे सगळं एका चिठ्ठीने होत असेल तर बाकीच्या उघडायची मला भीती वाटते.

तुमची,
वहिनी

२४ जुलै

प्रिय वहिनी,

कुठून सुरुवात करू? तुम्ही ज्यांच्याविषयी वर्षानुवर्षं लिहीत होतात ते पप्पा कोण, असा मला प्रश्न पडलाय. आमच्याकडे आलेत ते तर साक्षात कोकरू! बिनमिठाचं वाढलं तरी "छान झालंय" म्हणतात. पेला दिला तरी आभार मानतात. आमच्या चर्चचे ऑर्गन वाजवणारे काका आठवतात? जाकिटाच्या खिशावरून पप्पांनी त्यांच्याशी अबोला धरला होता. परवा पप्पा स्वतः त्यांच्या घरी गेले आणि क्षमा मागून आले. काका इतके गोंधळले की रविवारी त्यांनी गीत चुकीच्या सुरात सुरू केलं.

मी पप्पांना महिलामंडळातही नेलं. "सौम्यतेने माणूस कसा बदलतो" याचं उदाहरण म्हणून मी त्यांची ओळख करून दिली, तुमचंही नाव घेतलं. ते उठून एवढंच म्हणाले, "सगळ्यांना सांभाळून घ्या. वेळ थोडा असतो." बायकांनी डोळे पुसले. खजिनदारबाई तर हुंदके देत होत्या.

दुपारभर खिडकीशी बसून ते हाताने एक काळा सूट शिवतात. कुणासाठी ते सांगत नाहीत, नुसते हसतात. बहुतेक आमच्या धाकट्याच्या लग्नाचा बेत असावा.

वहिनी, राग मानू नका, पण मला वाटतं दोष पप्पांचा कधीच नव्हता. त्यांना हवी होती शांतता, आणि दुकानाच्या धबडग्यात ती त्यांना मिळत नव्हती. आम्ही ठरवलंय की त्यांनी आता कायमचं इथेच राहावं. मागची खोली रंगवायला काढलीय. त्यांना विचारलं तर म्हणाले, "तुला त्रास नसेल तर राहतो. फार दिवस नाही लागायचे." किती हा संकोच! तेव्हा त्यांचे गरम कपडे आणि पलंग पुढच्या महिन्यात पाठवून द्या. तुम्हीही आता मोकळ्या झालात.

बेबी

२९ जुलै

बेबीवन्सं,

राग मानू नका म्हणालात, तरी मी मानलाय. सहनशीलतेचा आठवडा माझ्यापुरता संपला.

मोकळी झाले म्हणता. झाले ना! दुकान इतकं मोकळं झालंय की मशीन थांबलं की माझ्याच कानात दडे बसतात. परवा बाही लावली आणि मान वर करून दाराकडे बघितलं. स्टूल गप्प. बाही बरोबर आहे की मागे पळतेय हे सांगायला कुणी नाही, म्हणून मीच ती उसवली आणि पुन्हा लावली. हे रोज संध्याकाळी त्या स्टुलावर बसतात आणि विचारतात, "पप्पांना आणू या का?" त्यांच्याशी भांडून बघितलं. काही मजा नाही, लगेच कबूल होतात. हा माणूस माझा सासरा आहे, बेबीवन्सं, काही माझ्या सहनशीलतेची परीक्षा नाही. मला तो घरी हवाय.

पण ते राहू द्या. आधी मला सांगा, पप्पांनी माफी मागितली? कुणी, आपल्या पप्पांनी? मरेपर्यंत नाही मागणार असं ते सगळ्यांदेखत म्हणाले होते. तुमच्या पडद्यांविषयी ते काय म्हणाले? रागावू नका, तुम्ही शिवलेले पडदे मी बघितलेत. ते बघून पप्पा गप्प बसले असतील तर नक्कीच काहीतरी बिनसलंय. आणि "फार दिवस नाही लागायचे" याला तुम्ही संकोच समजता?

एक काम करा. पत्र हातातलं खाली ठेवायच्या आत तो काळा सूट बघा. धाकट्याच्या मापाचा आहे की पप्पांच्या? खिसे आहेत का? कोटाला पाठीकडून अस्तर लावलंय का? पप्पा अस्तराशिवाय कोट शिवणार नाहीत, जग इकडचं तिकडे झालं तरी. फोनचा नियम मी मोडणार होते, पण पप्पांना फोनवरचं धड ऐकू येत नाही, आणि तुमच्याशी बोलले तर भांडेन. लगेच कळवा.

वहिनी

२ ऑगस्ट

वहिनी,

सूट पप्पांच्या मापाचा आहे. खिसे नाहीत. पाठीला अस्तरही नाही. मी विचारलं तर शांतपणे म्हणाले, "पेटीत झोपल्यावर पाठ कोण बघतं, बेबी?"

मी खोदून खोदून विचारलं. मग सगळं बाहेर आलं. तुम्ही अचानक गोड बोलायला लागलात, बंद केलेली साखर चालू झाली, दादा हात धरून बसायला लागला, आणि डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर नेलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत. पप्पांनी ओळखलं की आपलं आता आटोपलंय, आणि सगळे आपल्यापासून लपवतायत. म्हणून कात्री, म्हणून ऑर्गनवाले काका. आणि मी त्यांना मंडळात उभं करून माझ्या पद्धतीचा विजय साजरा करत होते! पडद्यांना ते "सुरेख" म्हणाले होते, वहिनी. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी आमच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी तपासून सांगितलं, हृदय तरुणाला लाजवेल असं आहे. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हो बेबी, तुझं बरोबर आहे."

माझंच वाक्य. त्याच सौम्य आवाजात. मी ओरडले, रडले, शपथा घातल्या, ते नुसते हसून मान डोलावतात. त्यांना वाटतं मी धीर देतेय. आता जेवणही कमी केलंय. म्हणतात, उगीच अन्न कशाला नासायचं. काल खुर्चीतून उठताना त्यांचा तोल गेला. असंच चाललं तर नसलेल्या दुखण्यानेच ते जातील. हे माझ्या शिकवणीने झालंय आणि ते कसं उलटवायचं हे मला माहीत नाही.

ते माझं ऐकत नाहीत. मी कायम शहाण्यासारखं बोलत आले, त्यामुळे खरं कधी बोलते हे त्यांना कळत नसावं. तुम्ही काहीतरी करा. पलंग पाठवू नका.

बेबी

५ ऑगस्ट

पप्पा,

तुम्हाला सलामबिलाम काही नाही. बेबीवन्संनी मला सगळं कळवलंय आणि माझं डोकं असं फिरलंय की सकाळपासून तीनदा सुई बोटात गेली.

पाठीला अस्तर नाही? ज्या माणसाने मला शाळेच्या युनिफॉर्मच्या खिशाला दुहेरी टीप मारायला लावली, तो स्वतः अस्तराशिवाय कोट शिवतो? आणि तो घालून तुम्ही वर जाणार? तिकडे तुमच्या आधी गेलेली निम्मी मंडळी आपली गिऱ्हाइकं आहेत. सगळे पाठीमागून बघतील आणि म्हणतील, सुनेने शिवला असेल. माझ्या माथी मारू नका. उसवा तो कोट!

डॉक्टर काय पुटपुटत होते ते ऐकायचंय? त्यांचं पोट सुटलंय. नवी पँट बसत नाही. कापड शिल्लक ठेवलं नाही म्हणून मी मान हलवली. तुम्ही नेहमी सांगता शिवणीत माया ठेव, मी ठेवली नव्हती. घ्या, गिऱ्हाइकाचं गुपित तुमच्यापायी फोडलं. साखर मी घातली कारण मला चांगलं व्हायचं होतं. गोड बोलले कारण बेबीवन्संनी चिठ्ठी पाठवली होती. तुम्हाला काही झालेलं नाही. काडीचंही नाही.

आणि तुम्हाला एवढं मोठं काही वाटलं, तर मला तोंडावर विचारलं का नाही? एरवी बटणाचा दोरा सुटला तरी गल्लीला ऐकू जाईल असं विचारता. मी काय परकी होते? सामान बांधून लेकीकडे निघून गेलात, मी तुमची कोण लागत होते? या एका गोष्टीचा मला जो राग आलाय तो कुठल्याही चिठ्ठीने जाणार नाही. मी तुमच्यावर ओरडते, तुम्ही माझ्यावर ओरडता, तेव्हा मला वाटायचं आपलं पटत नाही. आता घर गप्प आहे आणि मी रोज रडते. आलं लक्षात?

पाळकसाहेबांचा कोट पुन्हा फसलाय. बाही खरंच मागे पळतेय. मी हे परत कबूल करणार नाही.

तुमची सून

८ ऑगस्ट

सूनबाई,

पत्र मिळालं. माझा चष्मा धूसर झालाय म्हणून बेबीला वाचायला लावलं. ती मऊ आवाजात वाचत होती. म्हटलं, असं नाही, ती बोलते तसं वाच. मग तिने असं वाचलं की शेजारचे खिडकीत आले. तेव्हा माझा विश्वास बसला. मरणाऱ्या माणसाला कुणी असं लिहीत नाही. त्यानंतर मी पोटभर जेवलो आणि मीठ मागितलं.

शिवणीत माया ठेवली नाहीस ती नाहीसच. डॉक्टरच्या पँटला मागे पट्टी जोडून काम होईल, वर कोट आला की दिसत नाही. एवढंही सुचलं नाही? बेबीला मी पडद्यांविषयी खरं सांगितलं. ती रडली, मग हसली, आता उसवतेय. ऑर्गनवाल्याकडे मागितलेली क्षमा मात्र परत घेता येत नाही असं इथले पाळक म्हणतात. बघू.

आता मी इकडे का आलो ते. तुझी सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तू दुकान बंद ठेवून तिचं सगळं केलंस. अंग पुसलंस, भरवलंस, तिची बोलणी खाल्लीस. ती गेल्यावर कितीतरी दिवस तुझे हात थरथरत होते. सुईत दोरा मी ओवून द्यायचो, तुला लागेल असं बोलायचो, म्हणजे तू चिडून तरी कामाला लागशील. ते सगळं पुन्हा तुझ्या वाट्याला यायला नको, असं वाटलं. बेबीने अजून कुणाचं काही केलेलं नाही, म्हटलं आता तिची पाळी. बेबी म्हणते, पप्पा, हीच तर प्रीती. मी म्हटलं, तुझ्या चिठ्ठ्या तुझ्यापाशी ठेव.

परकी कोण ते पुन्हा विचारू नकोस. परक्या माणसाकडे मी सुखाने मेलो असतो. तुझ्यासमोर मला मरता येईना.

गुरुवारी येतो. तुझ्या नवऱ्याला गाडीवर पाठव. पाळकाच्या कोटाला माझ्याआधी हात लावू नकोस. मी आलो की तुझ्यावर ओरडेन, तू उलट ओरड. आणि एक पक्कं ध्यानात ठेव, माझ्याशी पुन्हा कधी गोड बोलायचं नाही. खरंच मरायला टेकलो तरी नाही. तेव्हा तर मुळीच नाही.

पप्पा